अंगावर काढलेलं

संपादकांचा फोन जूनमध्ये आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘अंगावर काढलेलं’. ताप अंगावर काढतात, बाळंतपण अंगावर काढतात, काहीजणी आख्खा संसार अंगावर काढतात. ज्याला जे सुचेल त्यानं ते लिहावं. मी म्हटलं, बायकांच्या बोलण्यात या शब्दाला लागूनच दुसरा एक शब्द असतो, ‘अंगावरून जाणं’. एचआयव्हीचं औषध चालू असलेल्या बायकांचं अंगावरून जाणं, यावर लिहू का? पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, “लिहा. फक्त एक, आपला अंक घरात सगळे वाचतात.”

“वाचू देत की,” म्हटलं आणि बेळगावची गाडी धरली.

कंग्राळी दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द. बेळगावच्या मार्केट यार्डाकडचा रस्ता धरला की चार-पाच किलोमीटरांत पोचतो; शहर वाढत वाढत त्यांना येऊन टेकलं आहे. मार्कंडेय नदीच्या अंगाला भात, रताळी, भाजीपाला. बसच्या पाट्या कन्नडमधून आणि बसमधली भांडणं मराठीतून. यातल्या कुठल्या कंग्राळीत गेले ते लिहिणार नाही. जिला भेटले तिला नुसतं अक्का म्हणते, आणि तिच्याबद्दलचे चार तपशील मुद्दाम बदलले आहेत. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय कुणाचा हा आजार उघड करायला मनाई केली आहे. कायदा नसता तरी बदललेच असते. गाव लहान आहे.

डबीतला कापूस

अक्का घरी फॉल-पिकोचं काम करते. वय चाळिशीच्या आसपास. नवरा ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस महामार्गावर. मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनी, खडू, जुनी ब्लेडं, आणि त्यांच्यामागे तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी. वरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं, गोंदाचे पट्टे तेवढे राहिलेले. तिनं झाकण उघडून दाखवलं. गोळ्यांवर कापसाचा बोळा दाबून बसवला होता.

“हलली की खडखड वाजतंय न्हवं. सासूला शुगरच्या गोळ्या म्हणून सांगितलोय.” बेळगावकडच्या बायका स्वतःबद्दल ‘गेलो’, ‘सांगितलोय’ असंच बोलतात, पुण्याच्या कानाला ते खटकतं, मला गोड वाटतं. “तिच्या शुगरच्या गोळ्या पाकिटात असत्यात, डबीत नव्हे. एवढं म्हातारीला कळत नसंल व्हय?”

“आणि कळलं असेल तर?”

“मग ती पण गप्प हाय, मी पण.”

डबीतल्या एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर. रोज एक. सरकारी केंद्रांतून ही औषधं फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४पासून. तेव्हा आधी शरीरातल्या सीडी-फोर पेशी मोजायचे आणि त्या फारच खाली गेल्या असतील तरच औषध द्यायचे. २०१७ साली धोरण बदललं. आता निदान झालं की औषध सुरू. हल्लीची गोळी २०२०च्या सुमारास आली. अक्काचं औषध त्याच्याही आधीचं, त्यामुळे जुन्या गोळ्यांची चक्कर आणि रात्रभरची चित्रविचित्र स्वप्नं तिनं भोगलेली आहेत. नव्या गोळीवर ती खूश आहे.

तिनं केंद्राचं हिरवं पुस्तक काढलं. आत प्रत्येक फेरीची तारीख, वजन, गोळ्यांचा हिशेब. शेवटच्या पानाला व्हायरल लोडचा कागद टाचलेला. त्यावर आकड्याच्या जागी तीन शब्द होते, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’.

“मॅडमनी टाळ्या वाजवल्या,” ती म्हणाली.

“म्हणजे आता बरी आहेस.”

“रिपोर्टात बरी हाय.” तिनं मशीनच्या पट्टीवर पाय ठेवला आणि परत उचलला. “खाली बरं नाही.”

टाकीतलं पाणी आणि शेवटचा नळ

व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती सापडतात त्याचा आकडा. हजाराच्या आत असला तर विषाणू दबला असं धरतात. यंत्राला सापडलाच नाही तर कागदावर अक्काच्या कागदावरचे ते तीन शब्द येतात. फेब्रुवारी २०१८मध्ये ही तपासणी देशाच्या कार्यक्रमात नियमित झाली. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्ष भरल्यावर, आणि पुढे दरवर्षी एकदा. दंडातून रक्त काढायचं, नळी प्रयोगशाळेत जाते, कागद येतो.

या कागदाचं मोल थोडकं नाही. २०१६ साली युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, आणि ज्याला आहे त्याचा विषाणू औषधानं दबलेला. अशा ८८८ जोडप्यांमध्ये निरोध न वापरता अठ्ठावन्न हजार वेळा संबंध आले, आणि जोडीदाराकडून झालेली लागण एकही सापडली नाही. त्याच्या पाच वर्षं आधी, २०११मध्ये, नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या अभ्यासानं लवकर सुरू केलेल्या औषधानं लागण ९६ टक्के घटते असं दाखवलं होतं. त्या अभ्यासातली काही जोडपी आपल्या पुण्याची होती; भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात होती, आणि चेन्नईचंही एक केंद्र होतं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या त्या उगाच नव्हेत.

पण रक्त काढलं दंडातून. गावच्या टाकीतलं पाणी तपासून आलं आणि स्वच्छ निघालं, तरी गल्लीच्या शेवटच्या नळाखाली काय चाललंय ते टाकीला माहीत नसतं. योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड हा असाच आडबाजूचा भाग आहे. तिथली वस्ती वेगळी, तिथले जीवाणू वेगळे. निरोगी बाईच्या योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू राहतात, म्हणजे आपल्या दह्याच्या विरजणातल्यांचे भाऊबंद. ते आंबट आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात उपद्रवी जीवाणूंचं फावत नाही. हे विरजण मोडलं की दुसरे जीवाणू माजतात, पातळ करडं पाणी जायला लागतं, मासळीसारखा वास येतो. डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. खाज आणि चोथ्यासारखं दाट पांढरं असेल तर बहुतेक बुरशी. फेसाळ हिरवट असेल तर ट्रायकोमोनस नावाचा परजीवी असू शकतो. शिवाय नागीण जातीची फोडं, गरमी, परमा, क्लॅमिडिया.

सूज आली की शरीर तिथं आपले शिपाई धाडतं, आणि एचआयव्हीला घर करायला नेमके तेच शिपाई, सीडी-फोर पेशी, हवे असतात. म्हणून रक्तात विषाणू दबलेल्या काही बायकांच्या स्रावात तो अधूनमधून सापडतो. असं अनेक देशांतल्या संशोधकांना दिसलं आहे, आणि सूज, फोड किंवा विरजणाचा बिघाड असताना जास्त दिसलं आहे.

इथंच थांबलं तर अक्काला झोप लागणार नाही, आणि भीती विकणारे इथंच थांबतात. ‘पार्टनर’मधल्या काही जोडप्यांनाही गुप्तरोग झालेच होते, तरी लागणीचा आकडा शून्यच राहिला. स्रावात कधीमधी सापडणारे विषाणूचे अंश दुसऱ्याला लागण करण्याइतके नसतात, असंच त्यातून दिसतं. म्हणून खालच्या जंतुसंसर्गाची काळजी करायची ती मुख्यतः अक्कासाठी. तिच्या खाजेसाठी, तिच्या ओटीपोटासाठी, तिच्या गर्भाशयाच्या तोंडासाठी. वर्षानुवर्षं या विषयाकडे ‘तिच्याकडून कुणाला लागेल’ याच चष्म्यातून पाहिलं गेलं. विषाणू दबला, आता कुणाला लागत नाही, म्हटल्यावर तो चष्मा काढून ठेवला, आणि तिच्याकडे बघणंही त्याच्याबरोबर थांबलं की काय असं मला केंद्रांच्या बाकांवर बसून वाटत राहिलं.

उलट्या दिशेनंही एक धागा आहे. विषाणू दबलेला नसला, पेशी कमी असल्या, की बुरशी पुन्हापुन्हा येते, नागीण उसळते. हटत नसलेली खाज ही कधी कधी गोळ्यांचं काहीतरी बिनसल्याची पहिली खूण असते, वर्षानं येणाऱ्या रिपोर्टाच्या कितीतरी आधी. आणि बिनसतं ते नेहमी चुकारपणानं नव्हे. डोल्युटेग्राविर आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी एकदम घेतली तर दोन्ही पोटात एकमेकींना धरून बसतात आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. जेवणाबरोबर घेतल्या तर चालतं, नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आपल्याकडे बाई दवाखान्याची पायरी चढली की रक्त कमी म्हणून लोह आणि कंबर दुखते म्हणून कॅल्शियम तिच्या ओटीत पडतंच. अक्काला विचारलं तर ती तिन्ही गोळ्या पहाटे, सगळे उठायच्या आत, एका घोटात घ्यायची. कुणी बघू नये म्हणून. तिचा रिपोर्ट चांगला आला हे नशीब, आणि आता ती लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर घेते.

पांढरा पदर

कन्नडमध्ये अंगावरून पांढरं जाण्याला ‘बिळी सेरगु’ म्हणतात. बिळी म्हणजे पांढरा, सेरगु म्हणजे साडीचा पदर. मराठीत धुपणी हा जुना शब्द आहे, पण तो आता म्हाताऱ्याच वापरतात. तरण्या बायका ‘पांढरं जातंय’ म्हणतात, आणि पुष्कळ जणी तेवढंही म्हणत नाहीत. ‘कंबर धरतंय’, ‘अशक्तपणा वाटतोय’ एवढ्यावर भागवतात. समोरच्या सिस्टर कन्नड असल्या तर मराठी बाई ‘सेरगु’ म्हणते आणि खरंच स्वतःचा पदर ओढून तोंडाला लावते. हे मी एका दुपारी एका केंद्रात दोनदा पाहिलं.

या केंद्रांचं एक चांगलं आहे. प्रत्येक फेरीला क्षयासाठी चार प्रश्न ठरलेले: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का. समुपदेशक ते पाठ म्हटल्यासारखे विचारतात आणि बाई पाठ म्हटल्यासारखी ‘नाही, नाही, नाही, नाही’ म्हणते. पाठ असले तरी विचारतात, आणि त्यामुळे क्षय वेळेत सापडतो. खालच्या तक्रारीचाही प्रश्न विचारायचा असतो. पण तो विचारायचा तर पाठीमागे उभी असलेली बारा माणसं, शेजारच्या टेबलावर गोळ्या मोजणारा मुलगा, आणि बाईबरोबर आलेला तिचा दीर, यांचं काय करायचं? मी बसले होते त्या दुपारी तो प्रश्न एकदाही ऐकू आला नाही. दोष त्या समुपदेशक बाईंना देऊन चालणार नाही. सकाळपासून त्यांनी पाणीही प्यायलेलं नव्हतं.

न विचारल्यानं काय राहून जातं याचा हिशेब महाराष्ट्रानंच जगाला दिला आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, आणि जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. दवाखान्यात आलेल्या नव्हेत, गावातल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाले, दर बाईमागे सरासरी तीनहून जास्त. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगातलं बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. हा अभ्यास आला आणि अंगावरून जाणारं पांढरं पहिल्यांदा धोरणाच्या कागदावर पडलं.

त्या दुखण्याचा धंदाही झाला, हे लिहिलं पाहिजे. पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल’ असं सांगून मोकळं करणं. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल ओरड झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. ज्या तक्रारीला कित्येकदा दोन गोळ्या पुरल्या असत्या.

हिरवं पाकीट

त्या गोळ्या सरकारकडे आहेत, आणि फुकट आहेत. जिल्हा आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथं गुप्तरोगांची औषधं रंगीत पाकिटांत बांधून ठेवलेली असतात. करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. गर्भाशयाच्या तोंडाशी पू असेल तर करडं, ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम. योनीमार्गातून पांढरं जात असेल तर हिरवं, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोल. म्हणजे विरजणाचा बिघाड, परजीवी आणि बुरशी तिन्हींवर एका दमात. नागिणीला लाल. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, ते दोन आठवडे घ्यायचं. जिथं सूक्ष्मदर्शक नाही, तंत्रज्ञ नाही, तिथं लक्षणावरून औषध देऊन बाईला त्याच दिवशी बरी करून पाठवायची, असा त्यामागचा विचार. गरीब देशासाठी शहाणा विचार.

त्याची मेख अशी की लक्षण फसवं असतं. परमा आणि क्लॅमिडिया असलेल्या बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही, आणि पांढरं जाणाऱ्या बऱ्याच जणींना कसलाही गुप्तरोग नसतो. त्यामुळे जिला नको तिला औषध मिळतं आणि जिला हवं ती घरी शिलाई मारत बसते. एचआयव्ही असलेल्या बाईच्या बाबतीत आणखी एक. अमेरिकेत २०१०मध्ये खास अशाच बायकांवर झालेल्या अभ्यासात ट्रायकोमोनसला मेट्रोनिडाझोलचा एकच मोठा डोस दिलेल्या गटात जितक्यांचा संसर्ग उरला, त्याच्या साधारण निम्म्यांचाच तो सात दिवस औषध घेतलेल्या गटात उरला. म्हणजे एका घोटाची सोय या बायकांना थोडी महागात पडू शकते, आणि ‘पाकीट घेतलं तरी राहिलंय’ म्हणणाऱ्या बाईला परत तेच पाकीट देण्याऐवजी आतून बघायला हवं.

अक्कानं पाकीट घेतलेलंच नव्हतं. तिनं तुरटीचं पाणी वापरलं, मग डेटॉल, मग शेजारणीनं सांगितलं म्हणून लिंबू. स्वच्छतेपायी. आत धुतलं की उरलंसुरलं विरजणही धुऊन जातं आणि वास वाढतो. वास वाढला की बाई आणखी धुते. डेटॉलचं सांगताना ती मशीनकडे बघत होती. “आग व्हायची. पण वाटायचं, आग होतीया म्हणजे काम करतंय.”

निपाणीत

कंग्राळीहून निपाणी पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. वाटेत संकेश्वर. महामार्गानं पुढं गेलं की कोगनोळीला महाराष्ट्राची हद्द लागते. निपाणी म्हणजे तंबाखू, विड्या, आणि १९८१चं शेतकरी आंदोलन. त्याच काळात इथल्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकाही संघटित झाल्या होत्या. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटानं १९८२मध्ये त्यांच्यावर ‘तंबाकू चाकीला ऊब आली’ हा छोटा चित्रपट केला. त्यातल्या बायकांचा बिनधास्त आवाज अजून कानात राहतो.

या गावाला आणखी एक इतिहास आहे, आणि आमच्याकडे तो दबक्या आवाजात सांगतात. सांगलीच्या संग्राम संस्थेनं १९९२मध्ये वेश्यावस्तीत निरोधवाटप सुरू केलं, त्यातून वेश्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, व्हॅम्प. तिचं काम हद्द ओलांडून निपाणीत आलं. त्या कामातल्या बायकांना इथं झालेल्या त्रासाची नोंद ह्यूमन राइट्स वॉचच्या २००२च्या अहवालात आहे. नंतर व्हॅम्पनं इथंच आपल्या मुलांसाठी ‘मित्रा’ वसतिगृह काढलं. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्राचा हा पट्टा तेव्हा देशातल्या सगळ्यात जास्त लागणीच्या पट्ट्यांपैकी एक होता. बेळगाव जिल्ह्याचं नाव निघालं की बाहेरचे पत्रकार सौंदत्तीच्या यल्लम्माकडे कॅमेरा वळवून मोकळे व्हायचे. औषधाच्या रांगेत मात्र बहुतेक जणी अक्कासारख्या, लग्नाच्या नवऱ्याकडून आजार आलेल्या.

निपाणीत एका जुन्या कार्यकर्तीशी बोलले. वय साठीच्या पुढं, तोंडात मिश्री, कामाला लागून पंचवीस वर्षं झालेली. तिला मी अक्काचं सांगितलं, नाव न घेता. ती म्हणाली, “आमच्या बायकांची दर तीन महिन्याला आतून तपासणी होते. सहा महिन्याला गरमीचं रक्त. टेबलावर झोपायचं, चिमटा घालून डॉक्टर बघणार. पहिल्यांदा लाजल्या. आता कंटाळा करतात, एवढंच.” मग जरा थांबून, “तुमच्या घरंदाज बाईची कोण करतं?”

मला उत्तर सुचलं नाही. एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमानं वेश्याव्यवसायातल्या बायकांना ‘जोखमीचा गट’ म्हटलं, आणि त्या शब्दातला अपमान बाजूला ठेवला तर पदरात एक गोष्ट पडली: नियमित तपासणी. लक्षण असो नसो. अक्का कुठल्याच जोखमीच्या गटात नाही. ती नऊ वर्षं औषधाच्या रांगेत आहे, तिचं वजन शंभरदा झालं असेल, थुंकी, रक्त, एक्स-रे झाला, आणि शेवटचं बाळंतपण सोडलं तर तिला टेबलावर कुणी झोपवलेलं नाही.

दोघांची गोळी

गुप्तरोगांच्या औषधांनीच एचआयव्ही आवरेल अशी आशा जगानं एकदा धरली होती. टांझानियातल्या म्वान्झात १९९५मध्ये गावोगावच्या दवाखान्यांत गुप्तरोगांचे उपचार सुधारले आणि नव्या लागणी चाळीसेक टक्क्यांनी घटल्या. त्याच सुमारास युगांडातल्या राकाईत घरोघरी औषध वाटून पाहिलं. १९९९मध्ये उत्तर आलं, काही फरक नाही. २०१०मध्ये आफ्रिकेतल्या ३४०८ जोडप्यांत नागिणीचं औषध रोज देऊन पाहिलं, लागण तेवढीच. एचआयव्हीला आवरतं ते एचआयव्हीचंच औषध, हे असं तीन वळणांनी कळलं. मात्र या सगळ्यात एक गोष्ट मागे पडली. गुप्तरोग बरा करणं हे बाईसाठी स्वतंत्रपणे करण्याजोगं काम आहे, त्यानं एचआयव्ही रोखला जावो न जावो.

आणि ते काम एकटीच्या औषधानं होत नाही. विरजण मोडण्याच्या आजाराबद्दल आजवर डॉक्टर सांगायचे, हा बाईचा बाईपुरता, नवऱ्याला औषध नको. मार्च २०२५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. फक्त बाईला औषध दिलं त्या गटात बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींना आजार परत आला. जोडीदारालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं त्या गटात ३५ टक्के. फरक एवढा पडला की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला.

अक्काच्या नवऱ्यालाही एचआयव्ही आहे, आणि औषध चालू आहे. पण त्याचं नाव बेळगावच्या वहीत नाही. दोघं एका रांगेत दिसले की गावाला समजायला वेळ लागणार नाही, म्हणून तो हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या एका केंद्रातून गोळ्या घेतो. एका घरातले दोन आजारी दोन राज्यांच्या कागदावर. ती लाल बसनं फुकट जाते, जून २०२३पासून कर्नाटकात बायकांना तिकीट नाही. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट. पण तिकडे जातो तो, आणि त्याला पूर्ण पडतं. उद्या इथल्या डॉक्टरनं जोडीदाराचं पाकीट लिहून दिलं तर ते अक्कानं पिशवीतून आणायचं, आणि तो आठ दिवसांनी गाडीवरून आला की त्याला घ्यायला लावायचं.

“घेईल का?”

“त्याला सांगायलाच नको. चहाबरोबर देतो.” मग तीच म्हणाली, “तसं करू नये न्हवं?”

करू नये. पण ज्या घरात तिची स्वतःची गोळी कापसाखाली राहते, तिथं ‘नवऱ्याशी मोकळेपणानं बोला’ असं छापलेलं पत्रक कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवणार?

टेबल

आतून तपासायला लागतं काय? एक टेबल, एक पडदा, एक दिवा, चिमटा, हातमोजे आणि दहा मिनिटं. चिमटा म्हणजे स्पेक्युलम. तो घातला की गर्भाशयाचं तोंड दिसतं. पू, फोड, जखम दिसते. स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर हलणारा परजीवी दिसतो. आणि हातासरशी आणखी एक काम उरकतं: कॅन्सरची चाचणी.

एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या सहापट असतो. विषाणू दबला तरी हा धोका पुरता जात नाही. कारण एचपीव्ही नावाचा दुसराच विषाणू, जो कमकुवत शरीरात मुक्काम ठोकतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, या बायकांची चाचणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी. चाचणीनं काय होतं तेही आपल्याच मुलखानं दाखवलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांवर बायकांवर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटाच्या लोकांनी एका आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर अभ्यास केला. २००९मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आले. आता तर नमुना बाईला स्वतःच्या हातानं घेता येतो, कापसाच्या काडीनं, पडद्यामागे एकटीनं. टेबलाची लाज असलेल्या बाईला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

अक्काला घेऊन मी एका दवाखान्यात गेले. गोळ्यांचं केंद्र एका इमारतीत, बायकांचा विभाग दुसऱ्या, मधे मोकळं पटांगण आणि लिंबाचं झाड. गोळ्यांच्या खिडकीवरून चिठ्ठी घ्यायची, पटांगण ओलांडायचं, पलीकडे नव्यानं केसपेपर काढायचा आणि खिडकीवरच्या माणसाला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, काय होतंय ते सांगायचं. पटांगणाच्या मधोमध ती थांबली.

“मला बोलता येणार नाही ओ. तुम्ही लिहून द्या. मी कागद दाखवतो.”

लिंबाखालच्या कट्ट्यावर बसून मी वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: तीन महिने अंगावरून पांढरं जातं. वास येतो. खाज, आग. ओटीपोटात दुखतं. आतून तपासणी करावी. तिनं कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला. पेन मागितलं. ‘वास येतो’वर एक रेघ मारली, मग दुसरी, मग अक्षर दिसणार नाही इतकी गिरवली. कागदाची घडी घालून मुठीत धरली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पुढं सात बायका होत्या. तिसरीनंतर ती मागे वळली, माझ्याकडे आली, परत पेन घेतलं आणि कागद गुडघ्यावर ठेवून, गिरवलेल्या काळ्या डागाच्या वर, बारीक अक्षरात पुन्हा लिहिलं. तोवर तिच्या जागी दुसरी कुणी शिरली होती; ती रांगेच्या शेवटाला गेली.